संकल्प आणि सिद्धि

मनुष्याच्या मनांत संकल्पांचा दुष्काळ कधीं पडत नाहीं. वर्षाचा पहिला दिवस आला कीं घरोघर नवे बेत होतात. कोणी म्हणतो, यंदा विहीर पुरी करीन. कोणी म्हणतो, सावकाराचें कर्ज फेडीन. कोणी व्यसन सोडण्याचें ठरवितो. कोणी आई म्हणते, मुलीला दहावीच्या पुढें शिकवीनच. हे बेत चांगले असतात, आणि बेत करणाराही त्या घटकेपुरता खरा असतो. तरी वर्ष सरतांना हिशेब घेतला तर दहांपैकीं किती पुरे झालेले दिसतात? जे पुरे होत नाहींत त्यांविषयीं आपण बहुधा दोनच कारणें ऐकतों. एक, जिद्द कमी पडली. दुसरें, दैवांत नव्हतें. पहिल्या उत्तरानें मनुष्य स्वतःस दोष देऊन मोकळा होतो, दुसऱ्यानें दैवास दोष देऊन मोकळा होतो. आणि पुढच्या वर्षीं तोच बेत त्याच शब्दांत निघून त्याच शेवटास जातो.

आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. जन्मभर जिद्दीनें धडपडून शेवटीं रिकाम्या हातांनीं बसलेले लोक आपण पाहतों. आणि दैव म्हणावें, तर ज्यांस सर्व अनुकूल होतें असेही कित्येक कांहीं न करतां गेले. संकल्प व सिद्धि यांच्यामध्यें दुसरेंच कांहीं असलें पाहिजे. तें काय आहे, आणि अमुक एक गोष्ट सिद्धीस गेली असें म्हणावयाचें तरी केव्हां, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नाहीं. तो नीतीचाही आहे. कारण ज्या गोष्टीसाठीं आपण आयुष्याचे दिवस खर्च करतों, तिचा हिशेब आपणांस देतां आला पाहिजे. नुसत्या तत्त्वचर्चेनें अशा प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. म्हणून आज आम्ही एका ठिकाणाचें व तेथील माणसांचें उदाहरण घेतों. तें ठिकाण मुंबईंतील माझगांव होय.

आमच्या खेड्यांतील वाचकांपैकीं ज्यांचे भाऊबंद मुंबईस कामधंद्याला आहेत, त्यांनीं माझगांवचें नांव ऐकलेंच असेल. मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांपैकीं हें एक. तें पूर्वेच्या अंगास, बंदराला लागून आहे. आज तेथें जहाजांची गोदी आहे, गुदामें आहेत, लोकलगाडीचा रस्ता आहे आणि दाट वस्ती आहे. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं तें बागांचें गांव होतें. तेथील आंब्यांची झाडें वर्षांतून दोनदां फळतात अशी त्यांची ख्याति होती, आणि श्रीमंत लोकांनीं तेथें हवेशीर बंगले बांधले होते. अशाच एका बंगल्यांत १८३४ सालीं लोकांनीं एक नवल पाहिलें. त्या काळीं मुंबईंत तेलाचे दिवे जळत, आणि सूर्य मावळला कीं रस्ते अंधारांत बुडत. अशा दिवसांत हा बंगला व त्याची बाग गॅसच्या दिव्यांनीं उजळून निघालीं. तें पाहण्यास त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर हे स्वतः आले. बंगल्याचे मालक अर्देशीर करसेटजी वाडिया हे होते, आणि त्यांचें वय अवघें पंचवीस-सव्वीस वर्षांचें होतें.

हे गृहस्थ कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वाडियांचें घराणें जहाजें बांधणारें. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. १७५० सालीं मुंबईस कोरडी गोदी तयार झाली. गोदींत जहाज घेऊन दरवाजा लावावयाचा, पाणी काढून टाकावयाचें, आणि एरवीं पाण्याखालीं राहणारा त्याचा तळ कोरड्यांत दुरुस्त करावयाचा, अशी ही सोय होती. लवजींच्या वंशजांनीं मलबारी सागाचीं अशीं जहाजें बांधलीं कीं त्यांचा लौकिक विलायतेंत पसरला. त्यांनीं १८१७ सालीं पाण्यांत लोटलेलें ‘त्रिंकोमाली’ नांवाचें जहाज आजही इंग्लंडांतील हार्टलपूल या बंदरांत तरंगत आहे. अशा घराण्यांत १८०८ सालीं जन्मलेल्या मुलास आपलें पुढें काय होणार हें विचारण्याचेंही कारण नव्हतें. साग होता, गोदी होती, नांव होतें. आजोबा-पणजोबांच्या पावलावर पाऊल टाकिलें म्हणजे झालें.

परंतु त्याच सुमारास एक मोठा फरक होऊं लागला होता. २० मार्च १८३० रोजीं ‘ह्यू लिंडसे’ नांवाची आगबोट मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझास पोंचली. वाऱ्याची वाट न पाहतां वाफेच्या बळावर केलेला तो प्रवास होता. ही बोट मुंबईसच बांधलेली होती. पण तिच्या पोटांतील इंजिनें इंग्लंडांतून आणलेलीं होतीं. म्हणजे शरीर येथलें आणि प्राण परक्याचा. मुंबईच्या हजारों लोकांनीं ही बोट पाहिली असेल, आणि बहुतेकांस ती एक तमाशाची गोष्ट वाटली असेल. अर्देशीर यांनीं पुढें जें केलें त्यावरून असें दिसतें कीं, हें इंजिन आपणांस कां करतां येऊं नये, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला.

आतां हा संकल्प त्यांनीं कसा चालविला तें पाहण्यासारखें आहे. मुंबईच्या जहाजांस मुंबईंतील माणसांनीं वाफेचा प्राण द्यावा, हें ध्येय फार मोठें होतें. त्यावर व्याख्यानें देतां आलीं असतीं आणि जन्म त्यांतच गेला असता. परंतु त्यांनीं आरंभीं एकाच घोड्याच्या शक्तीचें लहानसें इंजिन तयार केलें. मग १८३३ सालीं ‘इंडस’ नांवाचें साठ टनांचें जहाज पाण्यांत लोटलें व त्यास वाफेचें इंजिन जोडलें. त्यानंतर, १८३४ सालीं, माझगांवच्या बंगल्यांत गॅस आला. हा गॅस करण्याची रीति अशी कीं, दगडी कोळसा बंद लोखंडी भांड्यांत घालून बाहेरून तापवावयाचा. आंत हवा नसल्यामुळें कोळसा जळत नाहीं; त्यांतून डामर व जळाऊ वायु वेगळे होतात. तो वायु गार करावयाचा, चुन्यानें शुद्ध करावयाचा, पाण्यावर उपड्या ठेवलेल्या मोठ्या पिंपांत सांठवावयाचा, आणि मग नळ्यांनीं दिव्यांपर्यंत न्यावयाचा. नळीचा एक सांधा ढिला राहिला तर प्रकाशाऐवजीं आगच लागावयाची. हें काम पुस्तकांतून वाचून समजतें. पण साधतें मात्र हातानें करूनच.

येथें पहिला बोध मिळतो. ‘वाफेची विद्या मुंबईस आणीन’ ही इच्छा आहे. ‘एका घोड्याच्या शक्तीचें इंजिन चालवून दाखवीन’ हें काम आहे. दोहोंत भेद हा कीं, इच्छा कधीं फसत नाहीं. ती आज पुरी झाली नाहीं तर उद्यां होईल, उद्यां नाहीं तर परवां. तिला मुदत नाहीं, माप नाहीं, म्हणून तिला अपयशही नाहीं. म्हणूनच ती मनाला इतकी गोड वाटते. उलट ठराविक मापाचें लहान काम आज संध्याकाळपर्यंत फसूं शकतें, आणि फसलें म्हणजे तें कोठें फसलें हें डोळ्यांना दिसतें. त्या दिसण्यांतच सारें शिक्षण आहे. आपला संकल्प इच्छा आहे कीं काम आहे, हें ओळखण्याची खूण एवढीच: तो अमुक दिवशीं फसला असें म्हणतां येईल काय? येत नसेल, तर त्याला अजून संकल्प म्हणूं नये.

दुसरा बोध याहून कठीण आहे. माझगांवांत वाहवा झाल्यावर अर्देशीर यांस थांबतां आलें असतें. ज्याच्या घरचा दिवा पाहण्यास गव्हर्नर येतात, त्याला आणखी काय पाहिजे? गांवांतील पहिला हुशार मनुष्य बहुधा येथेंच थांबतो. आपल्याहून अधिक जाणणारा जवळ नसतो. त्यामुळें आपण जाणतों तेवढेंच ज्ञान, असें त्याला वाटूं लागतें. अर्देशीर यांनीं तसें केलें नाहीं. १८३९ सालीं ते इंग्लंडास गेले. पारशी जातीच्या, अन्नपाण्याचे नियम पाळणाऱ्या गृहस्थास तो प्रवास सोपा नव्हता. घरीं ज्यांस शेंकडों कारागीर मान देत, ते तेथें कारखान्या-कारखान्यांतून शिकणारे म्हणून हिंडले. या प्रवासाचें त्यांचें रोजनिशीवजा पुस्तक १८४० सालीं लंडनांत छापून निघालें. पुढें २७ मे १८४१ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें, म्हणजे जगांतील अत्यंत प्रतिष्ठित अशा विद्वत्सभेनें, त्यांस आपले फेलो निवडलें. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची शिफारस करणाऱ्यांनीं जीं कारणें लिहिलीं, त्यांत साठ टनांचें वाफेचें जहाज होतें आणि मुंबईस आणलेला गॅसचा प्रकाशही होता. माझगांवच्या बागेंतील तें लहान काम लंडनच्या तराजूंत तोललें गेलें आणि उतरलें.

त्याच सालीं कंपनी सरकारनें त्यांस मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर नेमिलें. त्यांच्या हाताखालीं आतां यूरोपियन कारागीर येणार होते. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रानें शंका काढली कीं, नेटिव मनुष्य कितीही हुशार असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख करणें त्यास जमेल काय? अशा शंकेस तोंडानें दिलेलें उत्तर व्यर्थ असतें. अर्देशीर १८५७ पर्यंत, सोळा वर्षें, त्या जागेवर राहिले, हेंच उत्तर. मध्यंतरीं १८४९ त ते अमेरिकेस जाऊन लांकूड कापण्याचीं नवीं यंत्रें घेऊन आले. १८५१ त ‘लवजी फॅमिली’ नांवाची आगबोट त्यांनीं पाण्यांत लोटली, आणि तिच्या इंजिनाचे भाग मुंबईसच तयार केले होते. एकवीस वर्षांपूर्वीं ‘ह्यू लिंडसे’ जाण्याच्या वेळीं जें परक्याकडून आणावें लागलें, तें आतां येथल्या हातांनीं केलें. येथें त्यांचा वैयक्तिक संकल्प सिद्धीस गेला असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपलें काम जाणत्यापुढें ठेवावें, त्याचे दोष ऐकून घ्यावे आणि पुनः शिकण्यास बसावें, हा दुसरा बोध. यास जिद्दीहून अधिक कांहीं लागतें, तें म्हणजे नम्रता. जिद्द मनुष्यास पुढें रेटते. पण आपण चुकीच्या दिशेनें चाललों आहों हें नम्रतेवांचून कळत नाहीं.

येथें कोणी वाचक म्हणेल कीं, हें सर्व खरें. परंतु वाडिया श्रीमंत होते. त्यांना बंगला होता, गोदी होती, इंग्लंडास जाण्यापुरता पैसा होता. ज्याच्या घरीं दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, त्यानें हें ऐकून काय करावें? हा आक्षेप खोटा नाहीं, आणि तो उडवून लावणें आम्हांस उचित वाटत नाहीं. गरिबास ‘मनांत आण, सर्व होईल’ असें सांगणारे लोक त्याच्या जखमेवर मीठ चोळतात. साधनें लागतात, आणि तीं सर्वांस सारखीं मिळालेलीं नाहींत, हा समाजाचा दोष आहे. तो दूर करणें हेंही एक कर्तव्यच आहे. तरी दोन गोष्टी ध्यानांत आणाव्या. एक ही कीं, १८३४ सालीं माझगांवांत बंगले पुष्कळ होते. गॅसचा दिवा एकांतच लागला. साधनें काम लवकर करवितात. काम कोणतें करावयाचें हें तीं सांगत नाहींत. दुसरी याहून महत्त्वाची. लहान मापानें आरंभ करण्याची गरज श्रीमंतापेक्षां गरिबास अधिक आहे. श्रीमंताचा मोठा बेत फसला तर त्याचे पैसे जातात. गरिबाचा मोठा बेत फसला तर त्याचें शेत जातें. ज्या शेतकऱ्यानें भोंवतालच्या चार विहिरींचें उन्हाळ्यांतील पाणी मोजून, जाणत्यास विचारून, मग कर्जास हात घातला, तो कर्ज काढून मग पाणी शोधणाऱ्याहून शहाणा. धाडस कमी असल्यामुळें तो असें करतो, असें कोणीं समजूं नये. आपल्या मुलांबाळांचें अन्न पणास लावण्याचा आपणांस अधिकार नाहीं, हें तो जाणतो.

येथपर्यंत आम्ही संकल्प सिद्धीस कसा जातो याचा विचार केला. आतां राहिला तो मोठा प्रश्न. सिद्धि पुरी केव्हां होते? अर्देशीर यांच्याच चरित्रास लागून असलेल्या तीन सालांकडे पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें स्वरूप कळेल. माझगांवच्या बंगल्यांत गॅस १८३४ त आला. मुंबईच्या रस्त्यांवर तो १८६५ त आला. मधल्या एकतीस वर्षांत बंगल्याच्या भिंतीबाहेरचा पादचारी अंधारांतच चांचपडत होता. रॉयल सोसायटीचा मान पहिल्या हिंदी मनुष्यास १८४१ त मिळाला. दुसऱ्यास, म्हणजे श्रीनिवास रामानुजन् यांस, तो १९१८ त मिळाला. मध्यें सत्त्याहत्तर वर्षें गेलीं. आणि वाडिया घराण्याचे शेवटचे मुख्य जहाजकारागीर १८८५ सालीं सरकारी गोदींतून निवृत्त झाले. ज्या लोखंडाचें व वाफेचें युग अर्देशीर यांनीं इतक्या आधीं ओळखलें होतें, त्या युगांत त्यांच्याच घराण्याची दीडशें वर्षांची लांकडी जहाजांची विद्या संपुष्टांत आली. स्वतः अर्देशीर १८७७ त इंग्लंडांतील रिचमंड येथें वारले.

यांत त्या थोर पुरुषाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परराज्यांत, जेथें वरच्या जागा परक्यांसाठीं राखलेल्या, तेथें एका माणसानें यापेक्षां अधिक तें काय करावें? परंतु यांतून एक सत्य दिसतें, आणि तें आपण झांकून ठेवूं नये. एका माणसाची सिद्धि कितीही मोठी असली तरी ती आपोआप रस्ता होत नाहीं. डोंगरावर एकजण चढला म्हणजे मागून येणारांस वाट झाली असें नव्हे. त्यानें मागें वळून दगड बाजूस सारले, पायऱ्या खोदल्या, कोणास हात दिला, तर वाट होते. आणि हें काम एकट्याच्या जिद्दीवर होत नाहीं. त्यासाठीं शाळा लागते, संस्था लागते, न्याय लागतो.

याची दुसरी बाजू पाहण्यास माझगांव सोडून जावें लागत नाहीं. तेथें माथारपाखाडी नांवाची जुनी ख्रिस्ती वाडी आहे. त्या वाडींत १७ मार्च १८६४ रोजीं जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म झाला. ते पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकले, पुढें केंब्रिजास जाऊन बॅरिस्टर झाले. बॅरिस्टराच्या धंद्यांत द्रव्य व मान दोन्ही मिळते. तेवढ्यावर थांबले असते तर त्यांस कोणीं दोष दिला नसता. ‘आपलें ध्येय गांठलें’ असेंच सर्वांनीं म्हटलें असतें. परंतु ते लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले. १९१६ सालीं बेळगांवीं होमरूल लीग स्थापन झाली, तिचे अध्यक्ष बाप्टिस्टा व चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. गिरणीकामगार, टपालवाले अशा कष्टकरी लोकांच्या संघटना उभारण्यांत त्यांनीं आपली विद्या खर्चिली. आणि १९२० सालीं मुंबईस ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची जी पहिली परिषद लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं भरली, तिच्या उभारणींत ते अग्रभागीं होते. १९२५ सालीं ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. लोक त्यांस प्रेमानें ‘काका’ म्हणत.

१९३० सालीं काका बाप्टिस्टा वारले, तेव्हां स्वराज्य आलेलें नव्हतें. तें यावयास आणखी सतरा वर्षें लागलीं. मग त्यांचा संकल्प सिद्धीस गेला नाहीं असें म्हणावें काय? वैयक्तिक ध्येय व वैयक्तिक यश एवढ्यापुरतेंच पाहणारास तसें म्हणावें लागेल. कारण ज्याच्यासाठीं ते झिजले तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. परंतु आमच्या मतें त्यांची सिद्धि दुसऱ्या जातीची होती. त्यांनीं आपला संकल्प सभेच्या स्वाधीन केला. आणि सभेस सभासद असतात, नियम असतात, चिटणीस असतो, हिशेबाची वही असते. माणूस गेला तरी वही दुसऱ्याच्या हातीं जाते. १९२० सालीं स्थापन झालेली ती कामगारांची संस्था शंभर वर्षें उलटून गेलीं तरी आज चालूं आहे. माझगांवच्या टेंकडीवर, पाण्याच्या हौदावरच्या जागेंत, काकांच्या नांवाची बाग आहे. संध्याकाळीं मुलेंमाणसें तेथें वारा खाण्यास येतात, आणि तेथून खालीं बंदर दिसतें.

त्या बंदराच्या कांठीं माझगांवची गोदी आहे. १९६० सालीं सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली. २३ ऑक्टोबर १९६८ रोजीं तिच्यांतून ‘निलगिरी’ ही युद्धनौका पाण्यांत लोटली गेली, आणि ३ जून १९७२ रोजीं ती आरमारांत दाखल झाली. नकाशे मूळचे इंग्लंडांतील होते. परंतु तसल्या जातीची एवढी मोठी लढाऊ नौका हिंदुस्थानांत बांधली गेली ती प्रथम येथेंच. ती वाफेवर चालणारी होती. पुढें ती वृद्ध होऊन कामांतून गेली, आणि तेंच नांव धारण करणारी नवी ‘निलगिरी’ याच गोदींत बांधली जाऊन १५ जानेवारी २०२५ रोजीं आरमारांत दाखल झाली. हिचा आराखडाही आपल्याच लोकांचा. आतां हें कोणाचें यश? कोणा एकाचें नांव सांगतां येत नाहीं. आराखडा काढणारे, लोखंड जोडणारे वेल्डर, फिटर, रंगारी, पाळीवर रात्रभर उभे राहिलेले, अशा हजारों माणसांचें तें आहे. आमच्या खेड्यांतून गेलेल्या कित्येकांचे हातही अशा कामांस लागलेले असतील. अर्देशीर करसेटजी यांनीं एकट्यानें आरंभिलेली गोष्ट त्याच किनाऱ्यावर, त्यांच्या रक्ताच्या वंशजांकडून नव्हे तर शिकलेल्या हातांच्या परंपरेकडून, पुरी होत आहे.

म्हणून संकल्पाच्या सिद्धीच्या तीन पायऱ्या आम्ही मानतों. मापानें काम करणें ही पहिली. जाणत्यापुढें तें ठेवणें ही दुसरी. आणि तें दुसऱ्याच्या हातीं देतां येणें ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांनीं मनुष्य यशस्वी होतो. तिसरीनें त्याचें यश उपयोगी होतें. पहिल्या दोन तर चोरासही साधतात. तोही बेत मापानें आंखतो आणि जाणत्या चोरापाशीं शिकतो. परंतु त्याला आपलें काम चारचौघांत सांगून दुसऱ्याच्या स्वाधीन करतां येत नाहीं. जो बेत शेजाऱ्यास मोकळ्या मनानें सांगतां येत नाहीं, जो पुरा झाल्यास कोणाचें तरी पोट मारलें जाईल, तो पुरा न होण्यांतच कल्याण आहे. ध्येय गांठलें एवढ्यावरून मनुष्य थोर ठरत नाहीं. तें गांठण्यानें भोंवतालच्या अंधारांत काय फरक पडला, हें विचारलें पाहिजे.

ही गोष्ट केवळ थोरामोठ्यांची आहे असें कोणीं समजूं नये. आमच्या गांवोगांवच्या बायकांचे बचतगट पाहा. दर आठवड्यास किंवा महिन्यास ठराविक थोडकी रक्कम, सर्वांसमक्ष वहींत नोंद, कर्ज कोणास व कशास द्यावयाचें याची उघड चर्चा, आणि आज एकीकडे असलेली वही उद्यां दुसरीकडे. माप आहे, जाणत्यांची नजर आहे, हस्तांतर आहे. जी बाई एकटी असतां वर्षानुवर्षें ‘पैसे मागें टाकीन’ म्हणत होती व टाकूं शकली नाहीं, तिनें दहाजणींत बसून शिलाईचें यंत्र घेतलें, हें आपण पाहतों. तिची जिद्द पूर्वींही तेवढीच होती. बदलली ती संकल्पाची रीति.

तर वाचकहो, आपल्या मनांत जो बेत दीर्घकाळ घर करून बसला आहे त्याला आतां प्रश्न विचारा. पुढच्या शनिवारपर्यंत यांतलें काय करून दाखवितां येईल? तें बरें झालें कीं वाईट, हें मला तोंडावर सांगेल असा जाणता कोण? आणि मला जें साधेल तें शिकण्यास माझ्या शेजारीं, माझ्या घरीं, दुसरा कोण बसेल? विहीर पुरी झाली तर दुसऱ्याच्या घागरीस तींत जागा असेल काय? मुलगी शिकली तर आळींतील दुसऱ्या मुलीस ती शिकवील काय? या प्रश्नांचीं उत्तरें आज मोठीं नसलीं तरी चालतील. ज्यांचीं उत्तरें मुळींच देतां येत नाहींत असे बेत, कितीही गोड असले तरी, मनांतून काढून टाकावे. जागा मोकळी होईल. ज्यांचीं देतां येतात, त्यांतील एकच घ्यावा, आणि त्याची पहिली नोंद आजच्या तारखेनें करावी.